पुन्हा प्रयत्न कर

लेकीनं नाशिकहून तीन अ‍ॅप पाठवली.
फोन आधीच गच्च: सुप्रभातची फुलं,
रोजच्या खिचडीचे फोटो, हात धुण्याचा दिवस,
तालुक्याला पाठवलेले पटाचे तक्ते.
फुलं पुसली, तेव्हा कुठे जागा झाली.

रेंज वर्गात येत नाही.
पाण्याच्या टाकीच्या चौथ्या पायरीवर येते.
तिथे उभं राहून धडे उतरवून घ्यायचे
आणि काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा
फोन हळूहळू वर्गात आणायचा.

पहिल्या अ‍ॅपात एक अस्वल होतं.
उत्तर बरोबर आलं की टाळ्या वाजवायचं,
चुकलं की समजूत घालायला नाचायचं.
दोन दिवसांत सगळी पोरं मुद्दाम चुकू लागली.
काढून टाकलं.

दुसरं ऐकणारं. मुलानं वाचायचं,
त्यानं मिनिटाचे शब्द मोजायचे.
तनुजा भंगाळे उठली, खणखणीत वाचलं,
'काये ढग, निये डोंगर.'
त्यानं तांबड्या रेघा ओढल्या
तिच्या न उच्चारलेल्या ळ खाली,
जो तिच्या घरात कुणाच्याच जिभेवर नाही.
माझ्या आईच्याही नव्हता.
डी.एड.ला असताना खोलीचं दार लावून
मी आरशासमोर जीभ मागे वळवायची:
बाळ, काळ, वेळ, केळ.
टाळू दुखायचा.
हे वर्गात कधी सांगितलं नव्हतं.
त्या दिवशी सांगितलं.
तनुजानं लगेच विचारलं, 'मंग आरसा कुठी हाये, बाई?'

तिसऱ्यात रंग. कोऱ्या चित्राला
बोटानं रंग द्यायचा.
रुबाब तडवीच्या वाट्याला केळं आलं.
त्यानं हिरवा दाबला.
पुन्हा प्रयत्न कर, बाई गोड म्हणाली.
आतली बाई, मी नव्हे.
पुन्हा हिरवा.
पुन्हा प्रयत्न कर.
तिसऱ्यांदा त्यानं बोट एवढं दाबून धरलं
की नखाखाली पांढरं झालं.

'अरे, केळं पिवळं असतं ना?'
'ते पिकेल हाये, बाई. केय हिरवीच राह्यते.'

त्याचा बाप घड कापणाऱ्या टोळीत.
अंधार असतानाच खांद्यावर घड, अंगभर चीक,
उजाडेस्तोवर ट्रक सावद्याच्या वाटेला.
सगळं हिरवं जातं.
पिवळं होतं ते दुसऱ्यांच्या गावात.
रुबाबच्या सदऱ्यावरही ते काळे डाग आहेत,
साबणाला न जुमानणारे,
आणि मी मागच्या वर्षी त्यावरून त्याला बोलले होते.

अ‍ॅपच्या तळाशी बारीक ओळ होती,
आपला अभिप्राय कळवा.
शाळा सुटल्यावर चौथ्या पायरीवर जाऊन लिहिलं:
महोदय, आमच्याकडे केळं हिरवं असतं.
खोडलं. 'हिरवंही असतं' केलं.
मग ते 'ही' सलायला लागलं,
तेही खोडून पहिलं होतं तसंच ठेवलं.
बराच वेळ गोल फिरत राहिलं.
गेलं की नाही, अजून कळलेलं नाही.

चौथं अ‍ॅप मी शोधलं नाही.
फोनात पहिल्यापासून एक होतं,
नुसता आवाज टिपणारं. टाळ्या नाहीत, रेघा नाहीत.
रुबाबच्या तोंडाजवळ धरलं. म्हटलं, सांग घडाबद्दल.
आधी नुसता श्वास टिपला गेला,
मग लांबून एक भोंगा,
मग तो: 'एका घडाले नऊ फण्या.
एका फणीले सोया केया.'

मी वळून फळ्यावर मांडलं, नऊ गुणिले सोळा,
हातचे पाच लिहीत होते, तेवढ्यात मागून
'एकशेचाळीस धरा, बाई.'
'चव्वेचाळीस होतात रुबाब, मोज नीट.'
'होतात. पन शेवटची फणी आखूड राह्यते.'